मॅडॉक्स भावंडांची आठवण

राजाचा इतिहास लिहिणे त्या मानाने सोपे. त्याचे शिलालेख असतात, ताम्रपट असतात, नाणी असतात. आणि यांतले काही नसले तरी निदान शत्रूंनी केलेली निंदा तरी असतेच. गाणाऱ्याचा इतिहास लिहायला बसले की मात्र पंचाईत होते. गाणे हवेत उमटते आणि हवेतच विरते. मागे उरते ते दोनच ठिकाणी : तबकडीवर आणि ऐकणाऱ्याच्या मनात. तबकडी कपाटात ठेवता येते, किती खपली ते मोजता येते. मनातले मात्र माणसाबरोबर निघून जाते. म्हणून इतिहासकार तबकडीवर भिस्त ठेवतो; आणि कधी कधी चांगला फसतो.

असे फसण्याचे एक उदाहरण आज तुमच्यापुढे मांडायचे आहे. ते आपल्याकडचे नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचे आहे. 'मॅडॉक्स ब्रदर्स अँड रोझ' या नावाचा एक घरचा वाद्यवृंद तिथे होता. पाच भाऊ आणि एक बहीण. १९३७ साली त्यांनी आरंभ केला, मध्ये महायुद्धाने खंड पाडला आणि १९५६ साली मंडळी पांगली. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतल्या गाण्याला तिकडे 'कंट्री म्युझिक' म्हणतात. त्या गाण्याच्या मोठमोठ्या इतिहासांत या भावंडांना बराच काळ फारशी जागा मिळाली नाही. नॅशव्हिल शहरी या संगीताच्या मानकऱ्यांचे एक कीर्तिमंदिर आहे. त्याच्या यादीत २०२५ सालापर्यंत तरी या वृंदाचे नाव चढले नव्हते. पण ज्यांनी त्यांना तरुणपणी पाहिले-ऐकले, ते म्हातारपणीही त्यांचे नाव निघाले की खुलत. यादी एक सांगते आणि आठवण दुसरेच सांगते. मग खरे कोणाचे मानायचे?

उत्तर शोधायला आपल्याला जरा मागे, अलाबामा राज्यातल्या बोअझ नावाच्या गावी जावे लागेल. चार्ली आणि लूला मॅडॉक्स हे जोडपे तिथे दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत असे. पीक कापसाचे. १९२९ साली कापसाला पौंडामागे सुमारे सतरा सेंट मिळत. १९३२ पर्यंत तो भाव सहा-साडेसहा सेंटांवर आला. ज्याची जमीन स्वतःची नाही, अशा शेतकऱ्याने यात तगायचे कसे? १९३३ साली लूलाबाईंनी निर्णय घेतला. घरातले होते-नव्हते ते किडूकमिडूक विकले, त्याचे आले पस्तीस डॉलर. तेवढ्या भांडवलावर नवरा आणि घरातली मुले घेऊन ही बाई दोन हजार मैलांवरच्या कॅलिफोर्नियाला निघाली. काही वाट पायी, काही वाट कोणा भल्या मोटारवाल्याच्या उपकारावर आणि पुढची मालगाडीच्या डब्यांतून. रोझ तेव्हा सात वर्षांची होती.

कॅलिफोर्नियात सोन्याच्या विटा नव्हत्या. ओकलंड शहरी गिऱ्हाईक न मिळाल्याने पडून राहिलेले सांडपाण्याचे काँक्रीटचे भले मोठे नळ होते. आणि त्या नळांत बेकार माणसे बिऱ्हाड करून राहत होती. लोक त्या वस्तीला 'पाइप सिटी' म्हणत. मॅडॉक्स कुटुंबाचा मुक्काम काही दिवस तिथेच पडला. कामासाठी देशभर वणवण करणारे कुटुंब म्हणून एका स्थानिक वर्तमानपत्राने त्यांचे छायाचित्रही छापले. म्हणजे पहिली प्रसिद्धी मिळाली ती गाण्यामुळे नव्हे, दारिद्र्यामुळे!

पुढे ही मंडळी मोडेस्टो गावाच्या आश्रयाने सॅन होकीन खोऱ्यात राहिली. तिथे आज कापूस, उद्या पीच, परवा आणखी काही; जिथे पीक तयार, तिथे बिऱ्हाड. आपल्याकडची ऊसतोडणीची बिऱ्हाडे डोळ्यांसमोर आणा, म्हणजे निराळे वर्णन करायला नको.

आता या खोऱ्यातला श्रोता कोण होता तेही पाहू, कारण सगळ्या गोष्टीची किल्ली तिथे आहे. १९३० ते १९४० या दहा वर्षांत ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा, मिसूरी या राज्यांतून तीन लाखांच्या घरात माणसे कॅलिफोर्नियात आली. काही मंदीने उठवली, काही अवर्षणाने आणि धुळीच्या वादळांनी. आली कुठूनही असोत, कॅलिफोर्नियावाले त्यांना सरसकट 'ओकी' म्हणत. हा शब्द आज काही जण अभिमानानेही मिरवतात. तेव्हा मात्र ती शिवी होती. १९३६ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाने थेट राज्याच्या सरहद्दीवर आपली माणसे उभी केली, का तर खिसा रिकामा असलेल्यांना आत येऊ द्यायचे नाही! आपल्याच देशात एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जायची बंदी. गरिबाला राज्यात आणणे हा कॅलिफोर्नियाच्या कायद्याने गुन्हाच होता. तो कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला, तेव्हा १९४१ साल उजाडले होते.

अशा माणसांत वाढलेला फ्रेड मॅडॉक्स १९३७ साली कापूस वेचता वेचता कंटाळला. अंगात मस्ती पुष्कळ, जिभेला हाड नाही. वाद्य धड येत नव्हते, पण आपण गाण्याचा धंदा करायचा हे त्याने ठरवून टाकले. मोडेस्टोतल्या एका फर्निचरच्या दुकानदाराला त्याने गाठले आणि तिथल्या के.टी.आर.बी. या नभोवाणी केंद्रावरचा आमचा कार्यक्रम तुम्ही पुरस्कृत करा म्हणून गळ घातली. तिकडची नभोवाणी खाजगी. कोणा व्यापाऱ्याने वेळ विकत घ्यायची, मधून मधून त्याच्या मालाची जाहिरात करायची आणि उरलेल्या वेळात गाणे. दुकानदार कबूल झाला, पण त्याची अट होती की गायला मुलगी पाहिजे. फ्रेडने तत्काळ ठोकून दिले की आमच्याकडे उत्तम गायिका आहे! ही उत्तम गायिका म्हणजे अकरा वर्षांची रोझ.

पण आवाज? तो मात्र खराच होता. मोकळा, ठणठणीत, डोंगरावरून हाक मारावी तसा. १९३९ साली सॅक्रामेंटोच्या राज्य जत्रेत गाणाऱ्या मंडळींची चढाओढ झाली, ती या भावंडांनी जिंकली. त्यातून सॅक्रामेंटोच्या के.एफ.बी.के. केंद्राचे दार उघडले. आणि ते केंद्र एका साखळीतले असल्याने त्यांचा आवाज दूरदूरच्या गावांत पोचू लागला. एवढ्यात युद्ध आले. भाऊ लष्करात गेले. १९४६ च्या सुमारास मंडळी पुन्हा जमली आणि पुढची दहा वर्षे त्यांच्या भराची ठरली.

त्या भराच्या काळात ते करीत काय, हे आता सांगायला हवे. क्लिफ आणि कॅल यांच्याकडे गिटार, डॉनकडे फिडल म्हणजे व्हायोलिन, धाकट्या हेन्रीकडे मँडोलिन, फ्रेडकडे बास आणि गळा रोझचा. शिवाय बाहेरचा एखादा वादक विजेवरच्या गिटारीवर. १९४९ साली रॉय निकोल्स नावाचा सोळा वर्षांचा पोरगा त्यांच्यात आला. तोच पुढे मर्ल हॅगर्ड या मोठ्या गायकाचा कित्येक वर्षे उजवा हात होता.

फ्रेडचा बास ही ऐकण्यासारखी गोष्ट. बास म्हणजे माणसाएवढे उंच, उभे धरून वाजवायचे तंतुवाद्य. सामान्य वादक बोटाने तार छेडून खर्जाचा स्वर देतो. फ्रेडला सुरापेक्षा ठेक्याची ओढ अधिक. तो तार ओढून अशी सोडायचा की ती खालच्या पट्टीवर 'टक्‌' करून आपटावी, आणि लागलीच तळहाताची थाप मारायचा. एकाच वाद्यातून खर्जही निघाला आणि ताशाही निघाला! त्या काळी या प्रकारच्या गाण्यात ढोल-ताशे सहसा घेत नसत. फ्रेडच्या बासने ती उणीव अशी भरून काढली की बसलेल्याचे पाय आपोआप हलू लागत. त्यावर कॅलचे ते उंच स्वरातले खिदळणे, एकाचे गाणे चालू असताना दुसऱ्याने हाळी देणे, फ्रेडची मधली बडबड. भजन गायचे ते मनापासून. आणि ते संपते न संपते तोच उडते नाचाचे गाणे सुरू. वूडी गथ्री हा ओक्लाहोमाचा कवी-गवई. त्याने १९३७ च्या सुमारास रचलेले 'फिलाडेल्फिया लॉयर' हे गाणे रोझच्या तोंडूनच गावोगाव झाले.

आणि कपडे! नेथन टर्क नावाचा पोलंडहून आलेला शिंपी हॉलीवूडच्या आसपास चित्रपटातल्या घोडेस्वारांचे पोषाख शिवत असे. मॅडॉक्स मंडळींनी त्याच्याकडून आखूड डगले आणि खाली घोळदार विजारी शिवून घेतल्या. वर फुले, वेली, पाने यांचे रेशमी भरतकाम. अंगावर सगळे इंद्रधनुष्य. प्रवास करायचा तो चकचकीत कॅडिलॅक मोटारींतून. 'देशातली सर्वांत रंगीबेरंगी हिलबिली मंडळी' अशी त्यांची जाहिरातच असे. 'हिलबिली' म्हणजे डोंगराकडचा अडाणी गावंढळ. लोकांनी टोचायला वापरलेला शब्द या पोरांनी आपल्या पाटीवर रंगवून लावला.

इथे क्षणभर थांबू. तुम्ही म्हणाल, हा सगळा बाजारी झगमगाट झाला; यात एवढे आठवण ठेवण्यासारखे काय? मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण समोर कोण बसले होते ते आठवा. दिवसभर वाकून कापूस वेचलेली, दुकानदाराच्या नजरेत 'ओकी' असलेली, सरहद्दीवरून हाकलली जाण्याची धास्ती सोसलेली माणसे. ती शनिवारी रात्री नाचाच्या दिवाणखान्यात येत. आणि मंचावर कोण, तर नळात राहिलेली, आपल्याबरोबर पीच तोडलेली पोरे. उच्चार आपलाच, विनोद आपलेच. पण अंगावर मात्र राजपुत्राचे कपडे. जुने श्रोते सांगत की नाचायला आलेली जोडपी नाच सोडून मंचापुढे गर्दी करून नुसती बघत उभी राहत. माझ्या मते ती माणसे तमाशा बघत नव्हती. आपल्यातल्या कोणाला तरी मान ताठ ठेवून हसता येते, हे ती डोळे भरून पाहत होती. त्यांच्या आठवणीतला जिव्हाळा यातून आला आहे. गाणे चांगले होतेच. पण त्या गाण्याने त्यांना त्यांची पत परत दिली, ही गोष्ट त्याहून मोठी.

मग इतिहासात ही मंडळी मागे का पडली? मला चार कारणे दिसतात. पहिले कारण भूगोलाचे. या संगीताची राजधानी झाली पूर्वेकडे नॅशव्हिलला. ही मंडळी दूर पश्चिमेची. १९४९ साली नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या विख्यात नभोवाणी कार्यक्रमात ती गाऊन आली, पण त्यांचे घर आणि त्यांचा श्रोता कॅलिफोर्नियात होता. दुसरे कारण व्यापाराचे. त्यांच्या उमेदीतल्या तबकड्या 'फोर स्टार' या छोट्या कंपनीने काढल्या. 'कोलंबिया' या बड्या कंपनीकडे ती १९५० नंतर गेली. तिसरे कारण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे. जो हसवतो त्याला विद्वान मंडळी गंभीरपणे घेत नाहीत. रडणाऱ्या गाण्याला खोली असते आणि हसणाऱ्याला नसते, असा एक समज सगळ्याच देशांत आहे. आणि चौथे कारण काळाचे. १९५४ च्या जुलैत मेंफिस शहरी एल्विस प्रेस्ली या तरुणाने आपली पहिली तबकडी ध्वनिमुद्रित केली. तिच्यात बिल ब्लॅकचा बास असाच ठोके देतो. पुढच्या दोन वर्षांत त्या ठेक्याने सारा देश हलला; आणि नेमक्या त्याच वेळी, १९५६ साली, मॅडॉक्स मंडळी विस्कटली. थोरला क्लिफ १९४९ सालीच वारला होता. पेरणी यांनीही केली होती; सुगीच्या दिवशी ही शेतात नव्हती.

पण आठवणीची बाजू घेताना इतिहासाच्या माणसाने सावध राहावे हेही खरे. प्रेमाने सांगणारा माणूस वाढवून सांगतो. रॉक अँड रोलचा पहिला ठोका आपणच मारला, अशी प्रौढी फ्रेड पुढे मिरवीत असे. ती जशीच्या तशी पदरात घेता येत नाही. बासवर असे ठोके देण्याची रीत न्यू ऑर्लिन्सच्या जाझवादकांत कितीतरी आधीपासून होती. आणि कृष्णवर्णीय वादकांच्या बूगी-वूगीतून या मंडळींनी पुष्कळ उचलले. तेव्हा 'सर्वांत आधी कोण' हा प्रश्न आठवणीला विचारू नये. तिथे ती हटकून चुकते. 'तिथे कसे वाटत होते' हे विचारावे. तिथे तिच्याइतका दुसरा साक्षीदार नाही.

आणि या बाबतीत साक्ष पडताळून पाहण्याची सोय सुदैवाने आहे. १९४० सालच्या त्यांच्या नभोवाणी कार्यक्रमांचे काही ध्वनिमुद्रण टिकले आहे. १९४९ च्या नॅशव्हिलच्या कार्यक्रमाचेही टिकले आहे. 'फोर स्टार'च्या तबकड्या तर आहेतच. ऐकून पाहा. ध्वनिमुद्रण चालू असताना दुसरे गायक श्वाससुद्धा जपून घेतात. इथे कॅल खुशाल खिदळतो आहे, कोणीतरी मागून आरोळी देतो आहे, आणि त्या दंगलीतून रोझचा आवाज सरळ वर निघतो आहे. म्हातारे श्रोते जे सांगत होते त्यात खोटे नव्हते.

हे ध्वनिमुद्रण आपल्यापर्यंत आले कसे, ती हकीकतही आठवणीचीच आहे. ख्रिस स्ट्राख्विट्झ हा जर्मनीत १९३१ साली जन्मलेला मुलगा. महायुद्धाने घरदार गेले आणि १९४७ साली तो निर्वासित म्हणून अमेरिकेत आला. परक्या देशात एकट्या पोराला नभोवाणीचा नाद लागला, आणि तिच्यावरच्या हिलबिली गाण्यांत ही मॅडॉक्स मंडळीही त्याला भेटली. १९६० साली त्याने 'आरहूली' नावाची तबकड्यांची छोटी कंपनी काढली. आणि १९७६ च्या सुमारास मॅडॉक्स मंडळींची जुनी गाणी पुन्हा प्रसिद्ध करायला घेतली. बाजाराची मागणी म्हणाल तर ती बेताचीच होती. एका निर्वासिताच्या कानात दुसऱ्या निर्वासितांचे हसणे राहिले होते, एवढेच. पुढे २०१६ साली आरहूलीचा सारा संग्रह स्मिथसोनियन या राष्ट्रीय संस्थेकडे गेला. श्रोत्याची आवड होती, तिचे दफ्तर झाले.

रोझ एकटी गात राहिली. 'कॅपिटॉल' या मोठ्या कंपनीत गेल्यावर १९६२ साली तिचे एक गाणे देशभरच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. त्याच साली तिने ब्लूग्रास पद्धतीच्या गाण्यांचा संच काढला. बाईच्या नावावरचा त्या पद्धतीचा तो पहिलाच, असे जाणकार मानतात. १९९४ साली तिने आरहूलीसाठी एक संच गायला आणि ग्रॅमी पारितोषिकासाठी त्याचे नाव पुढे आले. त्या संचाचे नाव ठाऊक आहे? 'पस्तीस डॉलर आणि एक स्वप्न'. साठ वर्षे उलटली, पण आईने कनवटीला बांधलेली रक्कम पोर विसरली नव्हती. १९९८ साली रोझ गेली. फ्रेड १९९२ सालीच गेला होता. त्याचा तो ठोके खाल्लेला बास सिअॅटलच्या संग्रहालयाने जतन केला. डॉन इतकी वर्षे ऑरेगन राज्यात गुरे पाळून होता. नव्वदीच्या उंबरठ्यावर तो पुन्हा मंचावर आला, तेव्हा समोर पाहतो तर नातवंडांच्या वयाचे चाहते! २०१९ साली केन बर्न्स यांनी या संगीताच्या इतिहासावर मोठी चित्रमालिका केली आणि तिच्यात या कुटुंबाची कहाणी सन्मानाने आली. २०२१ साली, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, डॉन वारला आणि शेवटचे भावंड गेले.

यादी आणि आठवण यांत खरे कोणाचे, असे आपण सुरुवातीला विचारले होते. मला वाटते, दोघींचे काम निरनिराळे आहे. किती खपले हे यादी सांगेल. ते कोणाच्या उपयोगी पडले, हे मात्र आठवणीलाच सांगता येईल. आणि तेही ती जिवंत आहे तोवर. स्ट्राख्विट्झसारखा एखादा कानांवर विश्वास ठेवणारा भेटला म्हणून ही भावंडे वाचली. ज्यांना तो भेटला नाही, अशी मंडळी किती असतील? तेव्हा वाचक, तुमच्या घरात कोणी वडीलधारे माणूस असेल तर एखाद्या संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. सर्वांत मोठा गवई कोण, असे त्यांना विचारू नका. सगळे तीच चार नावे सांगतात. तुम्ही तरुणपणी कोणाचे गाणे ऐकायला किती कोस चालत गेला होता, एवढेच विचारा. आणि उत्तर आले की जवळच्या कागदावर लगेच उतरवून ठेवा.